शनिवारचा वडाभात

हे मी आजवर कोणाजवळच बोललो नाही. बायकोजवळ नाही, पोरीजवळ नाही, ज्या मारुतीसमोर दर शनिवारी हात जोडून उभा राहतो त्याच्याजवळही नाही – त्याच्याजवळ तर नाहीच, कारण सगळी गडबड त्याच्याच समोर सुरू झाली. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, म्हणून हिंमत करून राहिलो. जन्मभर पोरांना गणित शिकवलं. पायऱ्या न लिहिता नुसतं उत्तर लिहिलं की मी मार्क कापायचो. आता स्वतःवर पाळी आली, तर मीच पायऱ्यांवर घुटमळून राहिलो, उत्तराकडे जायची छाती होत नाही. तरी जातो.

मी राहणारा सौंसरचा. नोकरी पांढुर्ण्याच्या सरकारी शाळेत होती, येणं-जाणं बसनं. घरात मी आणि बायको शोभा. एकच पोरगी, स्वाती, ती लग्न होऊन नागपूरला. स्वभाव माझा तापट. शाळेत पोरं घाबरायची, स्टाफरूममध्ये मास्तर लोक घाबरायचे, आणि घरी शोभा – ती हसायची. मला 'तवा' म्हणायची. म्हणे, पाण्याचा शिपका मारला की चर्र करते अन् मंग थंडा. रामाकोन्याची पोरगी ती, मोठ्या खटल्यात वाढलेली, हाताला चव. आणि तिचा सगळ्यात आवडता पदार्थ म्हणजे वडाभात.

आमच्याकडचा वडाभात तुम्ही खाल्ला आहे काय? वेगवेगळ्या डाळी भिजवून जाडसर वाटायच्या, तळहातावर थापून वडे तळायचे, गरम भातावर ते कुस्करायचे आणि वरून हिंग, मोहरी, लाल मिरचीची फोडणी ओतायची. बाजूला कढी. शोभा सगळ्यांना वाढायची, आणि सगळे उठले की कढईजवळ बसून स्वतः खायची, बोटं चाटत. मी चिडवायचो, अगं, बोटं तरी राहू दे. तिला साडीचा शौक नाही, सोन्याचा नाही. वडाभाताचा होता. हे लक्षात ठेवा.

तिला घशाचा कॅन्सर निघाला. आधी भाकरीचा घास अडकायचा. मी म्हणायचो, नीट चावत जा न, रेल्वे पकडायची आहे काय तुले? असा मी. मग आवाज बसला, मग नागपूरला दाखवलं, तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी दोघांनाही समोर बसवून सांगितलं. आधी केमो, म्हणजे सलाईनमधून औषध. त्यानं गाठ आखडली की मग रेडिएशन. आमच्याकडे लोक त्याला शेक म्हणतात.  बाहेर आल्यावर शोभा मला म्हणाली, 'तुमी सकाळपासून जेवले नाई. चला, काही खाऊन घ्या.' मी तिथंच रडलो, दवाखान्याच्या भर गर्दीत.

तिच्यावर माझा जीव होता. हे मी आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल की नव्हता. आणि असला तर मग मी असं काहून केलं? 

पहिल्या दिवसापासून मी तिच्या ताटाचा हेडमास्तर झालो. मोबाईलवर कोणी सांगून राहिलं, साखरेनं कॅन्सर वाढते. कोणी म्हणे तेल बंद, कोणी म्हणे मीठ बंद, दूध विष आहे, डाळ जड आहे. मी सगळ्यांचं ऐकलं. फक्त शोभाचं ऐकलं नाही. डॉक्टरांना विचारावं, हेही मला सुचलं नाही, कारण मला वाटायचं मला समजते. सकाळी कारल्याचा रस, मग गव्हांकुराचा रस, दुपारी उकडलेला दुधी, संध्याकाळी पुन्हा तोच दुधी. चहा बंद, गूळ बंद, फोडणी बंद. धूर होतो म्हणून तिचं स्वयंपाकघरात जाणं बंद. आणि टेन्शन! टेन्शन घ्यायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. मी ते तिला ओरडून सांगायचो. 'टेन्शन घेऊ नको म्हटलं न तुले!' रडक्या मालिका बंद केल्या. भेटायला येऊन डोळे पुसणाऱ्या बाया फाटकातूनच परत पाठवल्या. हसण्यानं टेन्शन जाते म्हणे, म्हणून सकाळी तिला अंगणात उभी करून जोरजोरात हसायला लावायचो. ती बिचारी घसा धरून हा-हा करायची. शेजारच्या बाईंना वाटलं, आमचं दोघांचंही डोकं फिरलं.

हसू येते न? मलाही येते कधीकधी. मग लाज वाटते.

एक दिवस तिनं दुधीची वाटी बाजूला सारली. भांडली नाही, काही नाही. म्हणाली, 'एकटीच्यानं नाई जात हो. तुमी तिकडे पोळी-भाजी खाता, मी इकडे हे खातो. दर घासाले वाटते, मी बिमार आहो.' बरोबर होतं तिचं. आणि मला काय सुचावं? दुधी बंद करावा हे नाही सुचलं. पुढच्या शनिवारी सगळ्यांना घेऊन जामसावळीच्या मारुतीला गेलो. शोभाचे मोठे भाऊ होते, वहिनी होती, स्वाती नागपूरहून आली होती. आमच्याकडे देवासमोर 'सोडायची' रीत आहे. घरचं माणूस आजारी पडलं की कोणी चहा सोडते, कोणी वांगं सोडते, ते माणूस बरं होईपर्यंत. बहुतेक बायाच सोडतात. मी हात जोडून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो – शोभाला जे जे बंद, ते ते मलाही बंद. ती खाईल तेच मी खाईन. आणि ती बरी होऊन आपल्या हातानं माझ्या तोंडात घास घालेपर्यंत मी वडाभाताला शिवणार नाही.

शोभा रडली. वहिनीनं पदर डोळ्याला लावला. भाऊ माझ्यापेक्षा वयानं मोठे, पण माझे दोन्ही हात धरून म्हणाले, 'भाऊजी, तुमच्यासारखा मानूस नाई पाह्यला.' बाप्पा, काय सांगू तुम्हाला, काय वाटलं मला! छाती फुगली. पण त्या दिवशी मी खोटा नव्हतो, बरं का. मनापासून बोललो होतो. खोटा व्हायला मला किती वेळ लागला?

फार नाही लागला.

पांढुर्ण्याच्या बसस्टँडजवळ एक लहानसं हॉटेल आहे. दुपारी तिथं गरम आलूबोंडे निघतात, सोबत कढी. शाळा सुटली की सौंसरची बस येईपर्यंत मी तिथल्या बाकड्यावर बसायचो. आधी नुसता बसायचो, देवाशपथ. दुधीवर राहिलेला माणूस, वरून दिवसभर पोरांवर ओरडून रिकामा झालेला. एक दिवस म्हटलं, चहा घेऊ, चहानं काय होते. मग एक दिवस आलूबोंडा. मग रोजच. खाऊन झालं की नळावर चूळ भरायची, साबणानं हात धुवायचे, बडीशेप चावायची, आणि बसमध्ये खिडकीजवळ बसून शर्टाला हवा लागू द्यायची. घरी येऊन शोभासमोर दुधीची वाटी घेऊन बसायचो, आणि तिच्यापेक्षाही कमी खायचो. ती म्हणायची, 'किती वाळले हो तुमी माह्यापायी.' मी मान खाली घालायचो. वाळत ती होती. मी पँटचा पट्टा सैल करून राहिलो होतो, आणि तिला ते दिसत नव्हतं.

आणि तारीफ तर गावभर झाली. लग्नाच्या पंगतीत मला कोणी आग्रह करायचं नाही. 'सरांनी सोडलं आहे' म्हणून अदबीनं ग्लासभर पाणी आणून द्यायचे. बाया आपापल्या नवऱ्यांना माझं नाव घेऊन टोमणे मारायच्या. कोणी ओळखीचं भेटलं की म्हणायचं, धन्य आहे सर तुमची. मी 'छे हो' म्हणायचो आणि ते आणखी एकदा म्हणतील म्हणून थांबायचो. खरं सांगू? मला ते आलूबोंड्यापेक्षा जास्त आवडायचं. दोन्ही हातात पाहिजे होतं मला.

एकदा पांढुर्ण्याला नात्यातल्या पोरीचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. शोभाला जरा बरं वाटत होतं, म्हणून दोघं गेलो. बसमधून उतरतो न उतरतो तर तो हॉटेलवाला कढईमागून हात हलवून म्हणाला, 'सरजी, आज संडेले कसे? लावू का प्लेट?'  जन्मात कधी पाहिला नाही अशा नजरेनं मी त्याच्याकडे पाहिलं आणि शोभाला म्हटलं, कोण आहे बावा हा? ती काय म्हणाली असेल? 'दुसऱ्या कोन्या सरले समजून राहिला असन बिचारा.' आणि त्याच्याकडे पाहून हसली. तो समजदार माणूस. पुन्हा त्यानं कधी मला हाक मारली नाही. दुसऱ्या दिवशी मी बाकड्यावर जाऊन बसलो तेव्हा प्लेट ठेवली आणि माझ्याकडे न पाहता निघून गेला. मी खाल्ली.

तुम्ही म्हणाल, एवढंच? आलूबोंडे खाल्ले? माणूस आहे, भूक लागते, देवही माफ करते. थांबा. ज्या पायरीसाठी मी हे सांगून राहिलो, ती अजून आलीच नाही.

केमो संपत आला. गाठ आखडली होती, गिळणं बरंच सोपं झालं होतं. पण वजन सारखं पडत होतं, ब्लाउज खांद्यावरून घसरायचे. नागपूरच्या दवाखान्यात खाण्यापिण्याचं सांगणारी एक मॅडम होती, स्वातीच्या वयाची. नर्स शोभाला वजन करायला घेऊन गेली, तेवढ्यात मॅडमनं मला विचारलं, घरी काय देता यांना? मी मोठ्या ऐटीत सांगितलं – रस, दुधी, तेल नाही, मीठ नाही, साखर नाही, डाळ नाही. मला वाटलं, शाबास म्हणेल. तिनं मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाली, 'काका, त्यांना उपाशी ठेवून राहिले तुम्ही.'

रागावली नाही, समजावून सांगितलं. साखर खाल्ली म्हणून गाठ वाढते असं नसते. या उपचारात अंगात ताकद लागते. डाळ, अंडं, दही, तूप, सगळं द्या. ताजं द्या, नीट शिजवून द्या, थोडं थोडं करून दिवसातून खूपदा द्या. वजन असंच पडत राहिलं तर त्यांना शेक झेपणार नाही. मग आवाज खाली करून म्हणाली, 'शेक सुरू झाला की तोंड सोलून निघेल, चव जाईल. बऱ्याच लोकांची परत येते. काहींची पूर्ण येत नाही. म्हणून आत्ताच, सुरू व्हायच्या आधी, त्यांच्या जिवाला जे आवडते ते खाऊ घाला. आणि एकटं नका जेवू देऊ त्यांना. तुम्हीही सोबत तेच खा. हसत-बोलत बसलं की दोन घास जास्त जातात. टेन्शन कमी करायचं म्हणता न तुम्ही? मग हे करा.'

तेवढ्यात शोभा आली. मॅडमनं तिला कधी, किती, कसं खायचं ते समजावलं. चवीचं जे मला सांगितलं होतं ते तिला हळूच सांगायचं काम माझ्यावर टाकलं. बोला, मी काय केलं असेल?

परतीच्या बसमध्ये, लोधीखेड्याच्या आसपास, शोभानं विचारलं, 'मी यायच्या आधी काय म्हनत होत्या मॅडम तुमाले?' मी म्हटलं, 'काही नाई. तुले आता सगळं खायची परवानगी देली.' परवानगी! म्हणजे जसा काही माझा धडा बरोबरच होता आणि आता पुढचा सुरू झाला. चव जाईल आणि कदाचित परत येणार नाही, हे मी सांगितलंच नाही. मनात म्हटलं, तिला टेन्शन येईल. आणि 'सोबत खा' – तेही सांगितलं नाही. ती खूश झाली, पोरीसारखी खूश झाली, म्हणाली, वहिनीले फोन करतो, वडाभात कराले सांगतो. मग तिचा चेहरा उतरला. 'अन् तुमी?' मी म्हटलं, 'माहं देवाजवळ बोललेलं आहे.' ती खिडकीबाहेर पाहत राहिली. बाहेर संत्र्याचे बगीचे जाऊन राहिले होते. 

शेक सुरू व्हायच्या आधीचा तो शनिवार. वहिनी रामाकोन्याहून भिजवलेल्या डाळी घेऊन सकाळीच आली, सोबत भाऊ. स्वातीही आली. शनिवारी शाळा लवकर सुटायची. मी पांढुर्ण्याहून निघालो – खाऊन. आलूबोंडे खाल्ले, वरून कढी मागून घेतली. घरी काय बेत आहे मला माहीत नव्हतं काय? चांगलं माहीत होतं. म्हणून तर पोट भरून निघालो, की वास आला तरी मोह नको. असं चालायचं माझं डोकं.

फोडणीचा वास फाटकापर्यंत आला होता. किती महिन्यांनी आला होता आमच्या घरात! आत शोभा पाटावर बसलेली, डोक्याला रुमाल, अंगावर नवी साडी. समोर ताट. भातावर वडे कुस्करलेले, आणि वहिनी पळीनं फोडणी ओतून राहिली होती. चर्र आवाज झाला, आणि शोभा माझ्याकडे पाहून म्हणाली, 'घ्या, आला माहा तवा.' सगळे हसले. मीही हसलो. हातपाय धुऊन तिच्यासमोर जाऊन बसलो.

तिनं घास कालवला. तोंडाजवळ नेला आणि थांबली. मग तोच घास माझ्याकडे केला. 'एक घास घ्या न. तुमी घेतला तं मी खाईन. माह्यासाठीच सोडलं न तुमी? मंग माह्यासाठीच मोडा. मारुतीले मी सांगीन.'

फक्त तोंड उघडायचं होतं हो. मोडायचं तरी काय राहिलं होतं? ते तर मी रोज दुपारी मोडत होतो, त्या घडीलाही पोटात मोडूनच बसलो होतो. मॅडमचे शब्द कानात होते. त्या ताटाची किंमत त्या घरात फक्त मला माहीत होती – की हे कदाचित शेवटचं आहे, जिभेला समजेल असं. शोभाला माहीत नव्हतं. वहिनीला नाही, स्वातीला नाही. मला एकट्याला. आणि मी काय पाहिलं? मी पाहिलं की भाऊ पाहून राहिले, वहिनी पळी हातात धरून थांबली, पोरगी पाहून राहिली की बाबा आता काय करतात. मला वाटलं, घास घेतला तर उद्या हे म्हणतील, सरांनी शेवटी मोडलंच. एवढ्यासाठी. त्या एका वाक्यासाठी –

मी हात जोडले. डोळे मिटले. म्हटलं, 'शोभा, आज शनिवार. देवाच्या वाराले मी शब्द नाई मोडनार. तुह्या जिवापुढे मले वडाभात मोठा नाई.'

कढीची आंबट ढेकर घशाशी आली होती. ती गिळून मी हे बोललो.

भाऊ म्हणाले, 'वा.' स्वातीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. शोभानं तो घास ताटात परत ठेवला. 'मंग मी एकटी कशी खाऊ?' म्हणाली. 'तुमी माह्यासाठी एवढं करून राहिले, अन् मी तुमच्यासमोर बसून गटागटा खाऊ? मी बरी होतो न, मंग दोघं मिळून खाऊ.' वहिनीनं खूप सांगितलं. चिडली, हातापाया पडली, रडली. शोभा हसत होती. 'आता थोडेच दिवस त राह्यले वो वहिनी. थांबली एवढी, आनखीन थांबतो.' ताट स्वातीकडे सरकवलं आणि स्वतः दोन घास दहीभात खाल्ला. आणि मग माझ्याकडे पाहिलं – इतक्या मायेनं, की काय सांगू. तेव्हाही मला बोलता आलं असतं. ताट अजून गरम होतं. सगळ्यांना बाहेर काढून, तिच्या एकटीच्या कानात बोललो असतो तरी झालं असतं.

मी वहिनीला म्हटलं, मला दुधी वाढा.

शेक सुरू झाला. मॅडम म्हणाली होती अगदी तसंच झालं. तोंड आतून सोललं, पाणी पिताना तिच्या डोळ्यांतून धार लागायची. वजन आधीच नव्हतं, त्यामुळे मधे शेक थांबवावा लागला, नाकातून नळी टाकली. त्या नळीतून गाळलेलं डाळीचं पाणी मी माझ्या हातानं सोडायचो – तीच डाळ, जी मी जड म्हणून बंद केली होती. मी सुट्टी टाकून रात्रंदिवस तिच्याजवळ होतो. नर्स म्हणायच्या, काकू नशीबवान आहेत. शोभाला बोलता येत नव्हतं, ती मान हलवून हो म्हणायची.

पण निभावली ती. डॉक्टर म्हणाले, गाठ दिसत नाही, तपासणीला येत राहा. नळी निघाली, केस आले, हिंडू-फिरू लागली, आवाजही आला, जरा घोगरा. चव तेवढी नाही आली. गोड-खारट काहीच समजत नाही तिला. तोंड कोरडं राहते, म्हणून पेज, पातळ खिचडी, तेवढंच उतरते. आधी डॉक्टर म्हणायचे, वाट पाहा, येईल. आम्ही पाहिली. आता तेही काही म्हणत नाहीत आणि आम्हीही विचारत नाही.

ती बरी झाली म्हणून आम्ही पुन्हा जामसावळीला गेलो, माझं व्रत सोडायला. तेच सगळे लोक. शोभानं पहाटे उठून स्वतः वडाभात केला होता. कोणाला हात लावू दिला नाही. दर्शन झाल्यावर सावलीत सगळे बसले, आणि तिनं घास कालवून माझ्या तोंडात घातला. 'किती दिवसांनी तुमच्या जिभीले चव लागली असन न?' मी डोळे मिटले, हळूहळू चावलं, मान हलवली, डोळ्यांत पाणी आणलं. आणलं, समजलं न तुम्हाला? जिभेला काहीच नवल नव्हतं, ती तर आदल्या दिवशीही पांढुर्ण्याला तळलेलं खाऊन आली होती. वडाभाताला मात्र मी खरोखर शिवलो नव्हतो – ही वकिली मी स्वतःसमोर खूप करून पाहिली. टिकत नाही. मग शोभा उठली आणि सगळ्यांसमोर वाकून माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत. तिनं स्वतः घास घेतला, तोंडात घोळवला, आणि पाण्याबरोबर कसाबसा गिळला. म्हणाली, 'मस्त आहे.' तिला काहीच लागलं नव्हतं. माझ्यासाठी म्हणाली.

कधीकधी मन म्हणते, तिला माहीत असेल. शर्टाचा वास आला असेल, हॉटेलवाल्याची हाक समजली असेल, आणि तिनं मनातल्या मनात माफ केलं असेल. तसं असतं तर मला किती सोपं झालं असतं! पण नाही. तिला माहीत नाही. आपल्या माणसाचा शर्ट कोण हुंगते? कोणाच्या घरी हा आजार निघाला की ती आजही त्यांच्याकडे जाते, धीर देते, आणि सांगते, 'माह्या घरच्यानं माह्यासाठी सगळं सोडलं, म्हनून मी वाचली.' मी बाजूला बसलेला असतो. लोक माझ्याकडे पाहतात, आणि मी 'छे हो' म्हणतो.

आता मी रिटायर झालो. दर शनिवारी शोभा माझ्यासाठी वडाभात करते. म्हणते, 'तुमचे ते दिवस भरून काढतो.' स्वतः पेजेची वाटी घेऊन माझ्यासमोर बसते आणि माझ्या तोंडाकडे पाहते. घास गेला की विचारते, 'मीठ बरोबर आहे न? मले तं काही समजत नाई. तुमची जीभ तेच आता माही जीभ.' कधी मीठ जास्त असते, कधी हिंग जास्त असतो. मी म्हणतो, बरोबर आहे. मागच्या शनिवारी ती मीठ टाकायचंच विसरली. मी म्हटलं, एकदम बरोबर. ती खूश झाली आणि तिनं आणखी वाढला.

आज शनिवार आहे. स्वयंपाकघरातून फोडणीचा आवाज आला. ती हाक मारून राहिली. जातो, जेवायला बसायचं आहे.